शेकोटीचा धूर आडवा का होतो?

जानेवारीतली पहाट. ठाण्याच्या तलावपाळीवर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ नुकती सुरू झालेली. नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या फाटकाशी वॉचमननं शेकोटी पेटवली आहे. तिचा धूर सरळ वर जातो, चौथ्या मजल्याच्या आसपास थबकतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखा आडवा पसरतो. वारा नाही, छप्पर नाही. मग धुराला अडवलं कुणी?

हवेनंच. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि धुराला सोबत घेऊन जाते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री सगळं उलटं होतं. जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, तिला बिलगलेली हवा गारठून जड होते आणि तिच्या डोक्यावर उबदार हवेचा थर बसतो. शाळेच्या भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. उन्हाळी दुपारी हवा किलोमीटरभर उंचीपर्यंत घुसळली जाते, तर हिवाळ्यातल्या पहाटे ही घुसळण दोन-तीनशे मीटरांत, कधी त्याहूनही कमी उंचीत आटोपते. धूर तेवढाच, पण पातेलं लहान झालेलं आणि वर झाकण!

या पातेल्याचा आकारही पाहण्यासारखा आहे. नौपाड्याच्या एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खाडीपलीकडे पारसिकची रांग. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, इथून हाकेच्या अंतरावर. खाडी ओलांडली की ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, डोंगराआड डोंबिवली. तीन हात नाक्यावर रात्रंदिवस गाड्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ शाहू मार्केटच्या केंद्रावर नौपाड्याची हवा मोजतं, ते या सगळ्याच्या मधोमध.

आता या पातेल्यात वारा शिरतो. कोकणकिनाऱ्यानं त्याला दोन सुंदर नावं दिली आहेत. दिवसा समुद्राकडून येणारे ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे ते मतलई वारे. रात्री मतलई पूर्वेकडची धूळ-धूर घेऊन आपल्या अंगावरून समुद्राकडे निघतात. दुपारी खारे वारे सुटले की रात्री गेलेल्यातलं काही पुन्हा परतीच्या वाटेला लागतं. श्वास सोडावा आणि घ्यावा तसा हा किनारा हवा आतबाहेर करतो. हिवाळ्यात खारे वारे उशिरा येतात, दुबळे असतात. ते रेंगाळले की कोंडलेली हवाही रेंगाळते.

कधी पाहुणे दुरून येतात. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई-ठाण्यात उभ्या गाड्यांवर पांढुरकी भुकटी साचली होती. ती कुठल्या कारखान्याची नव्हती. पाकिस्तानच्या बाजूनं अरबी समुद्र ओलांडून आलेल्या धुळीच्या वादळाची होती.

मग जून येतो आणि महिनोन्‌महिने मळकट वाटणारे येऊरचे डोंगर एका सकाळी हाताला लागतील इतके जवळ दिसतात. आपण म्हणतो, पावसानं हवा धुतली. हे अर्धंच खरं आहे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण. केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढे. थेंब खाली येताना मोठे कण त्याच्यावर आदळतात. अगदी सूक्ष्म कण इकडेतिकडे धडपडत त्याला चिकटतात. पण मधल्या आकाराचे, मायक्रॉनच्या आतले कण, होडीच्या नाळेपुढचा पाचोळा पाण्याबरोबर बाजूला सरावा तसे थेंबाला वळसा घालून निसटतात. म्हणून मोठं काम करतो तो नैऋत्येचा वारा. हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा दिवसरात्र आत ढकलून तो जुनी हवा हुसकावून लावतो.

आणि ज्या ढगांतून हा पाऊस पडतो, ते कणांशिवाय जमतच नाहीत! वाफेला थेंब व्हायला बसायला जागा लागते. समुद्राच्या मिठाचा किंवा धुळीचा कण ही ती जागा. अशा लक्षावधी इवल्या थेंबांचा मिळून पावसाचा एक थेंब होतो. मार्गशीर्षात ज्या जातीच्या कणांनी घसा खवखवतो, त्याच जातीच्या कणांवर श्रावणसर उभी असते.

एका माणसाच्या फुप्फुसातून दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा ये-जा करते. पीएम २.५ ची आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली १५. कारखाने आणि गाड्या बाराही महिने तेच असतात. ऋतू फक्त त्यांचा धूर झाकतो किंवा उघडा पाडतो. पावसाळ्यातली स्वच्छ हवा ही वाऱ्याची कृपा आहे, आपली कमाई नव्हे.

म्हणून हिवाळ्यात झाकण घट्ट असतं तेव्हाच आपण सर्वांत जपून वागायला हवं. झाडलेला पाचोळा पहाटे जाळू नये, त्याचं खत करावं. दमा असलेल्या आजोबांनी तलावपाळीची फेरी ऊन चढल्यावर मारावी. आणि रात्रभर थंडीत बसणाऱ्या त्या वॉचमनला सोसायटीनं एक चांगलं स्वेटर आणि जाड कांबळं द्यावं. त्याला शेकोटी पेटवावी लागते, कारण आपण त्याच्या थंडीचा विचार केलेला नसतो. तिचा आडवा पसरलेला धूर मात्र आपल्या सगळ्यांच्या खिडक्यांपर्यंत येतो.