ओरडतोय, म्हणजे जिवंत आहे!

‘काकू, मदरबोर्ड गेला. आता नवाच घ्यावा लागेल. नवा मदरबोर्ड म्हणजे प्रोसेसर नवा, रॅमही नवी. पंधरा हजार धरून चाला.’

दुरुस्तीवाल्या मुलाने फोनवरच हा निकाल दिला आणि मी मटकन खुर्चीत बसले. २०२३च्या ऑगस्टमधली ही गोष्ट. मी घरच्या घरी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, सोसायटीच्या नोटिसा. त्यातून सुटणारा पैसा माझा स्वतःचा, कुणाला हिशेब न देता खर्च करायचा. त्या वेळी हातात होतं आमच्या शाळेतल्या बाईंच्या आठवणींचं पुस्तक. एकशे साठ पानं, तीनदा तपासून झालेली. बाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला ते वाटायचं होतं आणि कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता. दुसरीकडे कॉपी? नव्हती. ‘उद्या करू’ म्हणत राहून गेली होती.

त्या सकाळी बटण दाबलं तर पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण पडदा काळाकुट्ट. आमचे ‘हे’ म्हणाले, ‘जुना झालाय, टाकून दे आता.’ यांचं काय जातंय!

रविवारी भाची आली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. सगळं ऐकून तिने विचारलं, ‘मावशी, मिक्सर बंद पडला की तू काय करतेस?’

‘प्लग बघते. दुसऱ्या पॉइंटला लावून बघते. मग खालचं लाल बटण दाबते.’

‘लगेच मोटर जळाली म्हणत नाहीस ना? मग इथेही तसंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते बघायचं.’

आधी तिने मॉनिटर तपासला. त्याची वायर दोन्हीकडून काढून घट्ट बसवली. मग ज्याला आपण सगळे ‘सीपीयू’ म्हणतो, तो डबा बंद करून त्याची पिनच बोर्डातून काढली. त्यानंतर चालू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं. आत उरलीसुरली वीज असते, ती निघून जाते म्हणे. मला म्हणाली, ‘नायलॉनची साडी बदल, सुती काहीतरी घाल. आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लाव.’ अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण आतल्या नाजूक चिप्सना ती पुरते. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची चौकोनी पेटी, मात्र कधीही उघडायची नाही. पिन काढल्यावरही तिच्यात धक्का बसण्याइतकी वीज साठलेली असू शकते.

झाकण उघडलं आणि मला लाजच वाटली. एवढी धूळ! ती ब्रशने झटकून आम्ही मदरबोर्ड नीट पाहिला. त्याच्यावर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा ओघळलेली दिसली, तर मदरबोर्डवर संशय घ्यायला जागा आहे. माझे सगळे सपाट होते. प्रोसेसरजवळ विजेचा एक वेगळा छोटा प्लग असतो. तो निसटला तरी पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. तोही घट्ट होता.

मग तिने हार्ड डिस्क काढून माझ्या हातात दिली. ‘तुझ्या बाईंच्या आठवणी यात आहेत. मदरबोर्ड गेला असला, तरी ही दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फाइल्स काढता येतील.’ हे मला कुणी आधी का सांगितलं नव्हतं? तीन रात्री मी झोपले नव्हते! हल्लीच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते, तिची किल्ली वेगळी जपावी लागते. माझ्या जुन्या डब्यात ती भानगड नव्हती. मी डिस्क सुती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली.

मदरबोर्डवर एक चपटा, नाण्याएवढा सेल असतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो पाच मिनिटं काढून पुन्हा बसवला की बिघडलेल्या सेटिंग्ज मूळ जागी येतात. तेही केलं. काही फरक नाही. माझा धीर सुटायला लागला.

‘आता खरी परीक्षा,’ म्हणत तिने रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि बटण दाबलं. पुन्हा पुन्हा लांब बीप वाजायला लागला. मी घाबरून बटणाकडे हात नेला, तर ही टाळ्या पिटतेय! ‘मावशी, ओरडतोय, म्हणजे जिवंत आहे!’

बाळ जन्मल्यावर रडलं की बाहेर बसलेल्यांचा जीव भांड्यात पडतो ना, तसंच हे. बटण दाबल्याबरोबर कॉम्प्युटर विंडोज सुरू करत नाही. आधी स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर ठीक आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवणारा भाग आहे का. पडदा तेव्हा लागलेलाच नसतो, म्हणून तक्रार बीप वाजवून करायची. रॅम नाही म्हणून तो ओरडला. पण ओरडायलाही वीज लागते, चालणारा प्रोसेसर लागतो आणि तपासणीचा प्रोग्राम वाचणारा मदरबोर्ड लागतो. ज्याला मेला म्हणून सांगितलं होतं, तोच बोलत होता.

रॅमच्या पट्टीला सोनेरी दात असतात. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांच्यावर थर चढतो. भाचीने शाळेतल्या खोडरबरने ते हलकेच पुसले, चुरा झटकला. पहिली पट्टी लावली. शांतता. खाच बदलली. तरीही शांतता. ती काढून दुसरी लावली, दोन्ही बाजूंनी ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबली. एक छोटासा बीप झाला आणि पडदा उजळला! तारीख-वेळ चुकल्याची इंग्रजी तक्रार होती त्यावर, सेल काढल्यामुळे आलेली. पण मला तर लग्नपत्रिकेसारखी वाटली ती.

मदरबोर्ड नव्हे, रॅमची एक पट्टी गेली होती. तशीच वापरलेली पट्टी पुढे काही शे रुपयांत मिळाली. बाईंचं पुस्तक वेळेवर छापून झालं. त्याआधी पहिलं काम केलं ते दोन पेनड्राइव्हवर कॉपी काढण्याचं.

मैत्रिणींनो, मदरबोर्ड खरंच जातोही. डब्यातला छोटा स्पीकर जोडलेला आहे, दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहिला आहे आणि रॅम काढूनही तो मूकच, तर मग संशय मदरबोर्ड किंवा प्रोसेसरवर. नव्या डब्यांत बरेचदा स्पीकरच नसतो. तिथे शांततेवरून काही ठरवू नका. तो स्वतंत्र, स्वस्तात मिळतो. काही मदरबोर्डवर बीपऐवजी छोटे दिवे असतात, कुठला अडकून राहतो ते बघायचं. बीपचे अर्थही कंपनीप्रमाणे बदलतात, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत सापडतात.

त्या दुरुस्तीवाल्या मुलावर माझा राग नाही. अजूनही त्यालाच बोलावते. फक्त आता त्याने ‘मदरबोर्ड गेला’ म्हटलं की मी विचारते, ‘रॅम काढून पाहिलीस का रे? ओरडला का?’ परवा तो हसून म्हणाला, ‘काकू, तुम्हीच दुकान टाका.’

आमच्या ‘ह्यां’ना सांगितलं, तर म्हणाले, ‘टाक की! मी गल्ल्यावर बसतो.’