बंदीच्या दिवसांतलं घड्याळ

जुलैत आमच्या खारदांड्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, दारं फुगतात आणि कपाटातले कपडेही हाताला दमट लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या. याच दिवसांत मी वडिलांच्या घड्याळाला सगळ्यात जास्त जपतो.

घड्याळ सेको फाइव्ह, ऑटोमॅटिक. ऐंशीच्या दशकात वडील काही वर्षं आखातात कामाला होते, तिथून आणलेलं. वाराच्या चौकटीत इंग्रजी आणि अरबी, दोन्ही अक्षरं आहेत. परत आल्यावर वडील होडीवर गेले आणि घड्याळ कपाटात गेलं. जाळं ओढताना मनगटावरची चेन अडकते, खारं पाणी लागतं. शिवाय भरतीची वेळ त्यांना तिथीवरून कळायची. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. रोज साधारण पाऊण तास पुढे. ज्याला हा हिशेब तोंडपाठ, त्याला दर्यावर घड्याळ कशाला? ते निघायचं हळदीला, लग्नाला आणि नारळी पुनवेला.

वडील गेल्यानंतर ते चारेक वर्षं डब्यातच राहिलं. एका पावसाळ्यात आठवण आली म्हणून काढलं, चावी फिरवली. काहीच झालं नाही. मग जोरजोरात हलवलं. काटा दोन-तीन मिनिटं चालला आणि थांबला. काचेच्या आतून बारीक धुकं धरलं होतं.

खार स्टेशनजवळच्या घड्याळजी काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण फिरवून उघडलं. आतला रबरी वॉशर कडक होऊन तुटला होता. दमट हवा तिथूनच शिरली होती. झाकणाच्या आट्यांत तपकिरी गंज. जुनं तेल सुकून चिकट झालेलं. काका म्हणाले, “दादा, बंद होतं म्हणून नाही बिघडलं. ओल लागली आणि सुकं असताना तुम्ही पळवलंत, म्हणून बिघडलं.”

मग त्यांनी मला भिंगातून आतलं दाखवलं. मधल्या खिळ्यावर अर्धगोल जड पत्रा, रोटर. हात हलला की तो जडपणामुळे खाली झुकतो, फिरतो आणि त्याच्या फिरण्यावर मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. त्याच्याखाली दोन चिमट्यांचा एक छोटा दांडा आहे. रोटर उजवीकडे फिरो की डावीकडे, एक चिमटा चाक ओढतो, दुसरा ढकलतो; चाक एकाच दिशेला पुढे जातं. सेकोनं ही रचना १९५९ साली आणली. १९६३ च्या पहिल्या सेको फाइव्हमध्येच चावी चाराच्या आकड्याजवळ, अर्धी आत दडवलेली होती, कारण रोज किल्ली द्यायचीच नव्हती. माझ्या घड्याळात तर चावी फिरवून स्प्रिंग भरतच नाही. ती फक्त वेळ, तारीख आणि वार लावण्यापुरती.

आत बॅलन्सचं चाक तासाला २१,६०० ठोके देतं, सेकंदाला सहा. दिवसाचे झाले पाच लाख अठरा हजार चारशे. एवढ्या ठोक्यांना तेलाचा जो थर लागतो तो टाचणीच्या टोकावर मावणारा. तो सुकला की धातू धातूवर घासतो. मी हलवलं ते नेमकं त्याच अवस्थेत.

सफाई, नवं तेल, नवा वॉशर झाला. त्यानंतर मी एक रीत ठरवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी घड्याळ काढतो. आडवं धरून मनगट या बाजूला, त्या बाजूला सावकाश झुलवतो, पाळणा हलवावा तसं. अर्ध्या मिनिटात सेकंदकाटा चालू लागतो. मग वेळ लावायची. तारीख रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत चावीनं बदलायची नाही. तेव्हा आतले दात आधीच तारखेच्या चाकात गुंतलेले असतात, जोर केला तर तुटतात. म्हणून काटे आधी पुढे फिरवून सकाळचे सहा करतो, मग तारीख-वार, शेवटी खरी वेळ. इंग्रजी वार लावला तरी मध्यरात्रीनंतर चौकटीत आधी अरबी वार येतो आणि पहाटेपर्यंत पुन्हा इंग्रजी येऊन बसतो. ते बघायला मी एकदा जागलो होतो.

दिवसभर हातात घालतो, म्हणजे स्प्रिंग भरते. रात्री काढल्यावर चेनच्या कड्यांमधून जुन्या मऊ ब्रशनं घाम आणि मीठ काढतो, कोरड्या सुती कपड्यानं पुसतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. आमच्या किनाऱ्यावर हाच खरा शत्रू. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांसोबत. दाणे गुलाबी झाले की बदलायचे. डबा स्पीकरपासून लांब, कारण लोहचुंबकानं घड्याळ पुढे धावायला लागतं. पुढे दीड-पावणेदोन दिवस ते आपलं आपण चालतं आणि थांबतं.

ते थांबू नये म्हणून घड्याळ सतत फिरवत ठेवणारी विजेची यंत्रं बाजारात मिळतात. मला ती नको वाटतात. बंदीत होडी थांबते म्हणून कुजत नाही. ती वर ओढतात, खरवडतात, तेल-रंग देतात, शाकारतात. थांबण्याचे दिवस हेच तिच्या देखभालीचे दिवस. ऑटोमॅटिक घड्याळाचंही तसंच आहे. थांबल्यानं त्याला काही होत नाही, ओलीत विसरल्यानं होतं.

तुमच्याही घरी वडिलांचं, आजोबांचं असं घड्याळ वर्षानुवर्षं पडून असेल, तर ते चालतंय का हे बघायला हलवू नका. चावीला हात लावू नका. आधी चांगल्या घड्याळजीकडे न्या, झाकण उघडून आतलं तेल आणि वॉशर बघायला सांगा. मग खुशाल हातात घाला, येत्या नारळी पुनवेला.