मनाचे अणुत्व आणि ज्ञानाचा क्रम

'माइंड' या इंग्रजी शब्दासाठी मराठीत 'मन' हा शब्द इतका रूढ झाला आहे की, दोहोंमागील कल्पना एकच आहे असे सहज गृहीत धरले जाते. देकार्तच्या १६४१ मधील 'मेडिटेशन्स' या ग्रंथानुसार 'मी' म्हणजे विचार करणारे द्रव्य, आणि तेच मन. न्यायदर्शनातील मन मात्र स्वतः जड आहे. ज्ञान हा आत्म्याचा गुण. मन हे केवळ त्याचे साधन, एक अंतरिंद्रिय होय.

असे साधन मानण्याचे कारण काय? आत्मा विभू आहे, आणि डोळे, कान, त्वचा यांचा आपापल्या विषयांशी एकाच वेळी संबंध येऊ शकतो. तरीही सर्व ज्ञाने एकदम होत नाहीत. ग्रंथात गढलेल्या माणसाला घड्याळाचे ठोके ऐकू येत नाहीत. यावरून एका वेळी एकाच इंद्रियाशी संयुक्त होणारे अणुपरिमाण मन नैयायिक अनुमानाने सिद्ध करतात. यावर जुना आक्षेप असा की, लांब कुरकुरीत शष्कुली खाताना रूप, रस, गंध, स्पर्श आणि शब्द ही पाचही ज्ञाने एकदमच होतात. उत्तर असे : कमळाच्या शंभर पाकळ्या सुईने भेदल्या असता त्या एकदम भेदल्यासारख्या वाटतात, क्रम असतो, पण वेगामुळे तो जाणवत नाही. हे उत्तर चतुर आहे, निर्णायक नव्हे. कारण क्रम आहे हेच तर सिद्ध करावयाचे होते. भाट्ट मीमांसकांनी मन विभू मानले, तर सांख्यांनी करणांचे व्यापार क्रमाने तसेच एकदमही होतात असे म्हटले.

विसाव्या शतकातील प्रयोगांत हा वाद निराळ्या वेषात पुन्हा उभा राहिला. दोन उद्दीपने अत्यल्प अंतराने दिल्यास दुसऱ्याला मिळणारा प्रतिसाद लांबतो, हे टेलफर्डने १९३१ मध्ये नोंदविले. याचे कारण एकच अरुंद मार्ग, की विभागली जाणारी मर्यादित शक्ती, याविषयी मतभेद आहेत. अर्थात् प्रतिसादाचा विलंब म्हणजे ज्ञानाचा क्रम नव्हे.

नैयायिकांच्या मताची खरी किंमत मात्र मोक्षविचारात मोजावी लागते. मनःसंयोगावाचून ज्ञान नाही. तेव्हा मुक्त आत्म्याला ज्ञानही नाही आणि सुखही नाही. ही तर शिळेची अवस्था, असा उपहास श्रीहर्षाने 'नैषधीयचरिता'त एका नास्तिकाच्या तोंडी घातला आहे. बहुतेक नैयायिकांनी हा निष्कर्ष न डगमगता पत्करला. भासर्वज्ञाने मात्र मोक्षात नित्य सुखाचा अनुभव मानला.