लष्करी अधिकाऱ्याची निवड – लेखांक ५ : तर्काची पुस्तिका आणि तर्काचं मैदान

मागच्या लेखांकात आपण एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेपर्यंत आलो होतो. गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६०० असे ९०० गुण यूपीएससीच्या हाती, आणि तेवढेच ९०० गुण सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या हाती. लेखी परीक्षा पार केलेले मुलगे-मुली भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू किंवा कपूरथळ्याच्या केंद्रावर पोहोचतात, चेस्ट नंबर लावतात आणि छाननीच्या दिवशी सर्वांत आधी त्यांच्यासमोर दोन पुस्तिका येतात. एक शब्दांची, दुसरी आकृत्यांची. ही ‘ऑफिसर इंटेलिजन्स रेटिंग’ चाचणी, उमेदवारांच्या बोलीत ओआयआर.

यातले प्रश्न मराठी घरांना परके नाहीत. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा जो भाग असतो, त्याचेच हे थोरले भावंड. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा, गटात न बसणारं पद, आरशातली आकृती. फरक आहे तो वेगाचा. एका प्रश्नाला साधारण अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो, त्यामुळे अडलेल्या प्रश्नाशी झुंजत बसणारा मागे पडतो. गुणांवरून १ ते ५ अशी श्रेणी ठरते, १ सर्वांत वरची. ही श्रेणी आणि पाठोपाठ होणारी चित्रकथा व तिच्यावरची चर्चा, एवढ्यावरून कोण पुढचे दिवस राहणार आणि कोण परतीची गाडी धरणार, हे ठरतं.

पण सैन्याला मुळात अशी कोडी घालण्याची गरज का पडली?

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लाखो माणसांची झटपट वर्गवारी करणं भाग पडलं. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ आणि निरक्षरांसाठी किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘आर्मी बीटा’ अशा दोन चाचण्या तयार झाल्या. सुमारे १७ लाख माणसांनी त्या दिल्या. अल्फामध्ये अमेरिकेतल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू, तिथले खेळ यांच्यावरही प्रश्न होते. नुकताच बोटीतून उतरलेला इटालियन किंवा पोलिश मजूर त्यांची उत्तरं कुठून देणार? तरीही १९२३ मध्ये कार्ल ब्रिगम यांनी या आकड्यांवरून पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेले लोक जन्मतःच कमी बुद्धीचे असल्याचा निष्कर्ष काढला. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच तो मागे घेतला, पण मधल्या काळात, १९२४ मध्ये, स्थलांतरितांवर कठोर बंधनं घालणारा कायदा होऊन गेला होता. शाळेत मिळालेल्या माहितीला बुद्धी समजलं की किती माणसं भरडली जातात, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

ब्रिटनमधले जॉन रेव्हन १९३८ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस’ घेऊन आले. नुसते नक्षीचे चौकोन, त्यातला एक रिकामा. योग्य तुकडा शोधा. भाषा नाही, सामान्यज्ञान नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या. अधिकारी निवडण्याची तिथली जुनी पद्धत म्हणजे छोटीशी मुलाखत. शाळा कोणती, घराणं कोणतं, उच्चार कसे. अशा रीतीने निवडलेले अनेक जण प्रशिक्षणात नापास होऊन परत येऊ लागले, तेव्हा १९४२ मध्ये एडिनबर्गला प्रायोगिक निवड मंडळ सुरू झालं. विल्फ्रेड बायन, एरिक ट्रिस्ट अशा मंडळींनी तिथे नेता न नेमता गटाला काम देण्याची पद्धत रुजवली. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, तोच प्रयोग देहरादूनला आला. आज दिल्लीत डीआरडीओची जी ‘डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ सायकॉलॉजिकल रिसर्च’ ही संस्था आहे, तिचं मूळ त्या देहरादूनच्या मंडळात आहे.

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून ओआयआरची खरी बाजू दिसते. आकृतीला तुमचं आडनाव माहीत नसतं. तुमचे वडील कर्नल आहेत की ऊसतोड कामगार, हे ती विचारत नाही. मुलाखतीत इंग्रजी अडखळणाऱ्या मुलालाही त्या पुस्तिकेत बरोबरीची जागा मिळते.

तरी आकृतीसुद्धा पूर्णपणे निःपक्षपाती असते असं नाही. नेदरलँड्सच्या सैन्यात भरतीसाठी येणाऱ्या तरुणांना वर्षानुवर्षं रेव्हनच्याच धर्तीची एकच चाचणी दिली जात होती. जेम्स फ्लिन यांनी १९८७ मध्ये ते आकडे मांडले, तेव्हा १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत बुद्ध्यंकात सुमारे २० गुणांची वाढ दिसली. एका पिढीत मेंदू बदलत नाही. बदलतं ते शिक्षण, आहार, कागदावरच्या आकृत्यांशी असलेली ओळख. म्हणून ज्या मुलाने अशी पुस्तिका कधी हाताळलेलीच नाही, त्याला सरावाची संधी मिळायला हवी. छत्रपती संभाजीनगरमध्ये राज्य सरकारने १९७७ मध्ये सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली, ती महाराष्ट्रातली मुलं अधिकारीपदाच्या निवडीत मागे पडू नयेत म्हणूनच.

आता मुख्य मुद्दा. मंडळ ज्या पंधरा गुणांवर उमेदवार तोलतं, त्यात पहिला गुण ‘प्रभावी बुद्धिमत्ता’ आणि दुसरा ‘तर्कक्षमता’. हे दोन्ही वेगवेगळे मांडलेले आहेत आणि त्यांचा निकाल पुस्तिकेत लागत नाही. तो लागतो जीटीओच्या, म्हणजे गटचाचणी अधिकाऱ्याच्या मैदानावर. माझ्या मते खरी तर्कचाचणी हीच.

गटनियोजनाचं उदाहरण घ्या. आठ-दहा जणांसमोर एका परिसराची प्रतिकृती ठेवतात आणि एक प्रसंग सांगतात. समजा, दुपारचे साडेचार वाजलेत. तुमच्या गटाला रेल्वेरुळाच्या फिशप्लेट, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, काढलेल्या दिसल्या. पावणेसहाला प्रवासी गाडी येणार. स्टेशन पूर्वेला ६ किलोमीटर. त्याच जागी एका शेतमजुराला साप चावलाय. रुग्णालय पश्चिमेला १५ किलोमीटर. तुमच्याजवळ एक जीप, एक सायकल. मोबाइलला रेंज नाही. खराब रस्त्यावर जीप तासाला ३० किलोमीटर धावेल.

बहुतेक जण लगेच सांगतात : गाडीत शेकडो माणसं, म्हणून आधी स्टेशन, म्हणून जीप स्टेशनला. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, शेवटचं चूक. जीप स्टेशनला जाऊन परत यायला २४ मिनिटं, मग रुग्णालयाला ३० मिनिटं. रुग्ण पोहोचेल तोवर पाच चोवीस उलटून गेलेले असतील. त्याउलट सायकलवर साधारण चपळ मुलगा तासाला १२ किलोमीटर सहज काढतो. तो पाच वाजता स्टेशनमास्तरांसमोर उभा असेल, गाडीच्या पाऊण तास आधी. जीप थेट रुग्णालयाकडे वळली तर तीही पाचलाच पोहोचते. उरलेल्यांपैकी दोघांनी लाल कापड घेऊन गाडी येणाऱ्या दिशेला रुळांच्या कडेने पुढे जायचं, सायकलवाल्याचं काही बिनसलं तर म्हणून. काम किती महत्त्वाचं आहे आणि त्याला कोणतं साधन लागेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुस्तिकेत अव्वल ठरलेली मुलंही इथे ते एकत्र कालवतात, कारण पुस्तिकेतल्या कोड्यात सगळी माहिती उत्तरासाठीच दिलेली असते. इथे काय निरुपयोगी आहे, हेही स्वतःच ठरवायचं असतं.

शिवाय उत्तर सापडणं ही अर्धीच कामगिरी. मग वीस मिनिटांच्या चर्चेत ते इतरांना पटवायचं असतं, आणि दुसऱ्याची योजना सरस निघाली तर आपली सोडायची असते. स्वतःचा तर्क चुकलाय हे वेळेत ओळखणं हाही तर्कच.

पुढे अडथळ्यांच्या कामात फळी, बल्ली, दोर आणि ओझं घेऊन पलीकडे जायचं असतं. लाल रंगाच्या भागाला स्पर्श वर्ज्य. दोन कडक वस्तू एकमेकींना बांधायच्या नाहीत. फळी अंतरापेक्षा तोकडी असते, तेव्हा एका टोकावर सोबत्यांचं वजन ठेवून दुसरं टोक पोकळीवर पुढे काढावं लागतं. तरफेचा नियम शाळेत सगळेच शिकतात. उन्हात, खांद्यावर ओझं असताना आणि चौघे जण एकदम सूचना देत असताना तो आठवतो का, हे जीटीओ पाहतो. मुलाखतीत तेच निराळ्या रीतीने होतं. अधिकारी एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो आणि उमेदवाराने ते लक्षात ठेवून क्रमाने उत्तरं द्यायची असतात.

म्हणून केवळ क्लृप्त्या पाठ करून घेणाऱ्या शिकवण्यांबद्दल मला काळजी वाटते. सांकेतिक भाषेचे वीस नमुने घोकले की श्रेणी थोडी सुधारते, छाननीही पार होते. पण मैदानावर तो नमुना सापडत नाही आणि मुलगा गप्प होतो. तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे : पुस्तिकेचा सराव वेळ लावून जरूर करा, पण रोज एक प्रसंग घेऊन मित्रांसोबत अंतरं, वेळ आणि साधनं यांचा हिशेब मोठ्याने मांडा. सहामाहीच्या सहलीचं नियोजन असो की गावातल्या पुराचं, विषय कोणताही चालेल. मित्रांना तुमची योजना खोडून काढू द्या.

छाननीच्याच दिवशी ओआयआरनंतर पडद्यावर अर्धा मिनिट एक धूसर चित्र दिसतं आणि त्यावरून गोष्ट लिहावी लागते. ते चित्र मुद्दाम धूसर का ठेवतात, हे पुढच्या आठवड्यात.