कागदावरचा ‘शॅल’

बँकेच्या इंग्रजी कर्जकागदावर ‘शॅल’ हा शब्द ओळीओळीला भेटतो. शाळेत ‘आय शॅल गो’ म्हणजे ‘मी जाईन’, एवढंच आपण शिकलो. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘देणं लागतो’. त्याच्याच नात्यातला जर्मन शब्द ‘शुल्ट’ आजही कर्ज आणि दोष या दोन्हींसाठी वापरतात. कर्ज म्हणजे दोष, हे काही आम्हाला पटत नाही!

बोलण्यात आता तो ‘शॅल वी गो?’, म्हणजे ‘निघायचं का?’, इतपतच उरलाय. कागदावर मात्र तो बजावतो. ‘बॉरोअर शॅल रिपे’ म्हणजे कर्जदाराने फेडायचंच. ‘मे’ असेल तर मुभा, सक्ती नाही.

राज्यघटनेत बघा. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या, तिथे ‘शॅल’ आहे. पंचायतींना अधिकार देण्याच्या कलमात मात्र ‘मे’. ते राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय. म्हणजे खुर्ची हक्काची, अधिकार मर्जीचे!

आमच्या गटात सहीआधी प्रत्येक ‘शॅल’खाली पेन्सिलने रेघ मारतो. ती ओळ आपल्याला बांधते की बँकेला, हे साहेबांना तिथेच विचारतो.