फ्यूजन अणुभट्टीची भिंतच इंधन पिते तेव्हा...

गंगाखेडच्या उन्हाळ्यात नवा माठ भरला, की थोडं पाणी आधी माठच पितो. फ्यूजन अणुभट्टीतही असंच घडतं. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची रूपं म्हणजे तिचं इंधन. त्यांचे काही अणू आतल्या भिंतीत शिरून अडकतात.

यात चिंता ट्रिटियमची. ते किरणोत्सारी आहे, निसर्गात अत्यंत दुर्मीळ आहे आणि दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांतल्या जड पाण्यात ते थोडंफार तयार होतं.

मग उपाय काय? भिंत बदलणं. ब्रिटनमधल्या ‘जेट’मध्ये २०११ साली कार्बनऐवजी बेरिलियम आणि टंगस्टन बसवलं. अडकणारं इंधन दहाव्या हिश्श्याहूनही कमी झालं. भारत भागीदार असलेल्या फ्रान्समधल्या ‘इटर’नेही आता टंगस्टनची वाट धरली आहे.