कामाची शेड उबदार ठेवा : कमी खर्चात आणि जीव सांभाळून



कापसाची वेचणी, हरभऱ्याचे पाणी आणि संत्र्याची तोड यांत हिवाळ्याचा दिवस कधी मावळतो ते कळत नाही. वखराची पास पाजवणे, फवारणी पंपाचा वायसर बदलणे, मोटारीचे किंवा गाडीचे काम करणे, हे सारे मग रात्रीवर येते. ही कामे आपण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करतो. परतवाडा-अचलपूरचा आपला भाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पौषात मेळघाटाकडून गार वारा उतरतो आणि रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास येते, काही रात्री त्याखालीही जाते. पत्र्याच्या शेडमध्ये ही थंडी दुप्पट वाटते. बोटे गारठली की पाना निसटतो, छिन्नी चुकीच्या जागी बसते आणि इजा होते.

थंडीवर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण घमेल्यात कोळसे किंवा लाकडे पेटवून ते शेडमध्ये ठेवतात आणि दार लावून घेतात. हा उपाय फुकटचा वाटतो, पण तो जीवघेणा आहे. तसे का, आणि त्याऐवजी काय करावे, ते या पत्रकात सांगितले आहे.

१. उष्णता जाते कुठे, ते आधी बघा

फुटक्या मडक्यात पाणी भरत बसण्यापेक्षा आधी भोक बुजवावे. शेडचेही तसेच आहे. दहा बाय बारा फुटांची शेड घ्या. आत-बाहेर फक्त दहा अंशांचा फरक ठेवायचा म्हटले, तरी एकेरी पत्र्याच्या नुसत्या छतातून सुमारे सातशे वॅटचा हीटर देईल तेवढी उष्णता सतत बाहेर जाते. भिंतीही पत्र्याच्या असतील तर तो तोटा वेगळाच. शिवाय दाराखालची फट आणि पन्हाळी पत्र्याच्या कडेची भोके यांतून गार वारा आत शिरतो व गरम हवा वरून निघून जाते.

निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. म्हणूनच पहाटे पत्र्याला आतून दव सुटते, थेंब अवजारांवर पडतात आणि गंज चढतो. शेड उबदार केली तर माणसासोबत अवजारेही वाचतात.

२. भोके बुजवा, आतून छत घ्या

यासाठी लागणारे सामान बहुतेक आपल्या घरीच असते.

दाराखाली कुटार किंवा भुसा भरलेली लांब पिशवी ठेवा. दाराला आतून जुन्या गोणपाटाचा जाड पडदा लावा. उत्तरेकडच्या व वाऱ्याच्या बाजूच्या फटी माती-शेणाने किंवा चिंध्यांनी बुजवा.

पत्र्याखाली अर्धा-एक फूट अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे आतले छत बांधा. पत्रा आणि तट्टा यांच्यामध्ये अडकलेली स्थिर हवा हीच खरी गोधडी. एवढ्याने छतातून जाणारी उष्णता निम्म्याहून कमी होते आणि उन्हाळ्यातही शेड कमी तापते. तट्ट्याला खालून शेणमातीचा लेप द्या. त्याने हवा अडते आणि ठिणगीने पेट घेण्याची भीतीही कमी होते. लेप न देता नुसत्या तुराट्या, कडबा किंवा प्लॅस्टिकचे पोते छताला कधीही लावू नका. वेल्डिंगच्या शेडमध्ये तर नाहीच नाही.

भिंतींनाही हेच करा. मेळघाटात कोरकू बांधवांची घरे बघा : कुडाच्या भिंती आणि त्यांवर मातीचा लेप. आपल्याकडेही तुराट्यांचा कुड नवा नाही. पत्र्याच्या आतून चार बोटे अंतरावर कुड उभा करून लिंपला की पत्र्याची शेड मातीच्या घरासारखी वागते.

३. सूर्याचे फुकटचे ऊन घ्या

आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४५ अंशांवर असतो. मे अखेरीस तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो. याचा अर्थ असा की, दक्षिणेकडे दार किंवा खिडकी ठेवून वर बेताचा छज्जा काढला, तर हिवाळ्याचे ऊन आतपर्यंत येते आणि उन्हाळ्याचे बाहेरच राहते. नवी शेड बांधणार असाल तर हे आधीच ठरवा, यात जादा खर्च काही नाही.

दोनशे लिटरचा लोखंडी पिंप बाहेरून काळा रंगवा, पाण्याने भरा आणि दक्षिणेच्या दारात ऊन लागेल असा आतल्या बाजूस ठेवा. दिवसभर तापलेले ते पाणी रात्री आठ अंशांनी जरी निवले तरी सुमारे १६०० किलोकॅलरी उष्णता देते. विजेच्या हिशेबात ती पावणेदोन युनिटांहून थोडी अधिक भरते. सूर्य मावळताच दार लावून पडदा सोडायला मात्र विसरू नका.

रंग देणे, फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने लाकूड चिकटवणे ही कामे दुपारीच उरका. गारव्यात रंग लवकर वाळत नाही आणि असा गोंद नीट धरत नाही.

४. शेडपेक्षा माणूस गरम ठेवा

सगळी शेड तापवायची गरज नसते. उभे राहण्याच्या जागी फरशीवर लाकडी फळी टाका आणि तिच्याखाली दुहेरी गोणपाट घाला. पायांतून जाणारी उष्णता थांबली की थंडी तिथेच कमी वाटते. पायात मोजे, डोक्याला कानटोपी किंवा मफलर असू द्या. मात्र ग्राइंडर, ड्रिल किंवा फिरत्या पट्ट्याजवळ मफलर, शाल आणि सैल बाह्या नकोत. तिथे कानटोपीच बरी.

शेडची एक भिंत गुरांच्या कोठ्याला लागून असेल तर तिकडच्या कोपऱ्यात काम मांडा. एका मोठ्या जनावराच्या अंगातून अर्ध्या किलोवॅटच्या हीटरइतकी ऊब सतत निघत असते. पण त्या उबेसाठी कोठ्याची हवा कोंडू नका. जनावरांनाही मोकळी हवा लागते.

५. विजेचा हीटर : हिशेब करून

एक हजार वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट पडते. दोन हजार वॅटचा हीटर रोज तीन तास चालवला तर रोजचे सहा आणि महिन्याचे १८० युनिट होतात. आपल्या बिलावरचा दर बघून गुणाकार करा, म्हणजे खर्च समोर येईल. त्यापेक्षा कामाच्या मेजाकडे तोंड करून ठेवलेला, सळई लाल होणारा छोटा हीटर परवडतो. तो हवेऐवजी समोरच्या माणसाला सरळ ऊब देतो.

दोन हजार वॅटच्या हीटरला जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह लागतो. बारीक वायरीच्या लांबणीवर किंवा दिव्याच्या लहान प्लगवर तो लावला तर वायर तापते आणि आग लागते. मोठा, सोळा अँपिअरचा प्लग आणि चांगले अर्थिंग असेल तरच हीटर लावा. जिथे पेट्रोल, थिनर किंवा रंग उघडा असेल तिथे लाल सळईचा हीटर चालवू नका.

६. भुशाची शेगडी : आपल्या भागाचा उपाय

परतवाड्यात मेळघाटचा साग येतो आणि इथल्या आरागिरण्यांवर भुसा निघतो. कोरडा भुसा हे स्वस्त जळण आहे. त्याची शेगडी अशी करा :

(अ) जाड पत्र्याचा, झाकण असलेला लहान पिंप घ्या. कीटकनाशकाचा, पेट्रोलचा किंवा रसायनाचा पिंप अजिबात घेऊ नका.

(आ) तळाशी बाजूला तीन इंचांचे भोक पाडा. वरच्या बाजूस धुराड्यासाठी चार इंचांचे भोक ठेवा.

(इ) खालच्या भोकातून एक गोल दांडका आडवा आत सरकवा आणि मधोमध दुसरा उभा धरा. भोवती कोरडा भुसा थोडाथोडा टाकून घट्ट ठोकत जा. वर धुराड्याच्या भोकाखाली जागा मोकळी ठेवा.

(ई) दोन्ही दांडके अलगद फिरवून काढून घ्या. आत जो मार्ग तयार होतो, त्यातून हवा जाते. खालून कागद-काडी पेटवून द्या. भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो आणि एकदा भरलेली शेगडी काही तास चालते.

(उ) झाकण घट्ट बसवा आणि धूर नळीने थेट बाहेर काढा. नळी साध्या काळ्या पत्र्याची घ्या. जस्ताचा मुलामा असलेली नळी फार तापली तर विषारी वाफ सोडते. नळी छताच्या वर किमान तीन फूट न्या. जिथे ती तट्ट्यातून जाते तिथे भोवती एक फूट जागा कापून पत्रा लावा.

ओला भुसा, रंगवलेले लाकूड, प्लायवूडचा भुसा, टायर आणि प्लॅस्टिक जाळू नका. शेगडीपासून तीन फुटांत काहीही जळाऊ वस्तू नको. पेट्रोल, डिझेल आणि फवारणीची औषधे या शेडमध्ये मुळीच ठेवू नका. रेतीची एक बादली आणि पाण्याची एक बादली दाराशी असू द्या.

पऱ्हाट्या जळणासाठी ठेवणाऱ्यांना एक सूचना. किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. म्हणून पऱ्हाट्यांवरची बोंडे आधी वेचून नष्ट करा. बांधावर किंवा घराजवळ पऱ्हाट्यांचा ढीग पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नका, नाहीतर आज शेकलेली ऊब पुढच्या वर्षीच्या कापसावर महागात पडेल.

७. सगळ्यांत महत्त्वाचे : न दिसणारा विषारी वायू

लाकूड, कोळसा, भुसा, गॅस, काहीही कमी हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला जो लाल भाग प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. लाल निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो आणि झोपेतच जातो. उत्तर भारतात बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीने दर हिवाळ्यात माणसे दगावतात.

काही जण म्हणतात, शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की गॅस पाण्यात जातो. हे खरे नाही. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

म्हणून नियम असे :

● धुराडे नसलेली शेगडी, घमेले किंवा कोळसे बंद शेडमध्ये कधीही नकोत. शेकोटी अंगणातच करावी.

● धुराडे असले तरी जमिनीलगत एक आणि छताखाली एक असे वीतभर झरोके उघडे ठेवा. फटी बुजवा म्हटले त्यात हे झरोके येत नाहीत.

● बंद शेडमध्ये ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा जनरेटर चालू ठेवू नका.

● शेगडी पेटती ठेवून शेडमध्ये झोपू नका. विझल्यासारख्या राखेतूनही वायू निघत राहतो.

● डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गुंगी, हातपाय गळणे ही लक्षणे दिसली तर "थंडी बाधली" म्हणून तिथेच पडून राहू नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. कोणी बेशुद्ध असेल तर दार सताड उघडा, त्याला बाहेर काढा आणि १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

खर्चाचा क्रम थोडक्यात असा : आधी फटी बुजवा, मग आतले छत घ्या, मग ऊन आत घ्या, मग पायाखाली फळी टाका. एवढ्यावर बहुतेकांचे भागते. त्यानंतरही थंडी वाजली तरच शेगडी किंवा हीटरकडे वळा. पहिल्या चार गोष्टींना फारसा पैसा लागत नाही आणि त्यांत जिवाला धोकाही नाही. येत्या रविवारी दुपारी घरच्या मुलांना हाताशी घेऊन सुरुवात दाराखालच्या फटीपासून करा.